टेस्टिंग, वन टू थ्री!

‘ताई, युनिट टेस्ट लिहायला कुठे शिकू?’

मेल्सच्या ढिगात ही ओळ दिसली आणि माऊसवरचं बोट थांबलं. या कॉलमला येणाऱ्या मेल्सचे विषय तसे ठरलेले. बॉस छळतो, अप्रेझल लटकलंय, नोटीस पिरियडमध्ये काय करू, आणि वीकेंडला कुठे जाऊ? हा मेल मात्र ‘वीकेंडला कुठे जाऊ’चं उत्तर असलेल्या गावाहून आला होता! नवेगाव बांध. गोंदिया जिल्हा, अर्जुनी-मोरगाव तालुका. पुण्या-मुंबईच्या मंडळींना हे नाव माहीत असतं ते थंडीतल्या पक्ष्यांमुळे, १९७५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय उद्यानामुळे किंवा मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांमुळे. २०१३ पासून नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्पही झाला. म्हणजे आपण तिथे कॅमेरा घेऊन जातो आणि मोबाईलला रेंज नाही म्हणून खूश होतो. तिथेच राहणाऱ्या माणसाला रेंज नसल्याचा आनंद होत नसतो, हे आपल्या डोक्यातही येत नाही.

तर हा मुलगा. गोंदियाला कॉम्प्युटरची डिग्री घेतली, नागपूरच्या एका छोट्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागला, काम घरून. पहिला कोड पाठवला. चालत होता, त्याने स्वतः चार वेळा चालवून पाहिला होता. सीनियरचं उत्तर आलं, तेही एका ओळीचं : ‘टेस्ट कुठे आहेत?’ तीन महिन्यांचा प्रोबेशन, त्यातला एक संपलेला. पुण्यातल्या कुणीतरी सांगितलं, क्लास लाव. फी विचारली तर आकडा ऐकून घरच्या धानाचा हिशेब डोळ्यांसमोर आला म्हणे. शिवाय पुण्यात राहायचं कुठे, खायचं काय? मेलच्या शेवटी लिहिलं होतं, ‘गाव सोडायचं नाही असा हट्ट नाही, पण फक्त हे शिकायला सोडावं लागू नये एवढंच.’

मी काही सॉफ्टवेअरवाली नाही. मास कॉमवाली, फ्रीलान्सर. माझी बिलं आणि पेमेंटच्या तारखा सांभाळायला थोडं पायथन शिकले, तेवढीच काय ती ओळख. पण आजूबाजूला सगळे कोड लिहिणारेच. त्यांना छळलं, पुस्तकं चाळली, थोडं स्वतः करून पाहिलं. त्यातून जे हाती लागलं ते त्याला कळवलं. तुमच्यापैकी अनेकजण त्याच एका ओळीच्या उत्तराला घाबरून असता हे माहीत असल्यामुळे इथेही देते.

आधी एक घोळ मिटवू. ‘सॉफ्टवेअर टेस्टिंग कोर्स’ अशी पाटी असलेल्या बहुतेक क्लासमध्ये शिकवतात ते टेस्टर या नोकरीचं काम. तयार झालेलं सॉफ्टवेअर बाहेरून वापरून बघायचं, चुका नोंदवायच्या, सेलेनियमसारख्या टूलने ब्राउझर आपोआप चालवायचा, आयएसटीक्यूबीच्या परीक्षेची तयारी करायची. चांगलं करिअर आहे, प्रश्नच नाही. पण युनिट टेस्ट हे त्या कोर्समधलं मुख्य प्रकरण नव्हे. ती लिहितो प्रोग्रामर स्वतः, स्वतःच्याच कोडसाठी, कोड लिहिता लिहिता. नागपूरच्या सीनियरला हवी होती ती ही. नवेगावच्या पठ्ठ्याने क्लासची फी भरली असती तर तीन महिन्यांनंतर तो भलतंच काही शिकून आला असता, आणि प्रोबेशन तोवर संपलेला!

मग युनिट टेस्ट म्हणजे काय? प्रोग्रामचा एक छोटा तुकडा, बहुधा एक फंक्शन, घ्यायचा. त्याला ठराविक माहिती द्यायची, तो चालवायचा आणि आलेलं उत्तर आपल्या अपेक्षित उत्तराशी ताडून बघायचं. बस्स. फरक इतकाच, की हे ताडून बघायचं काम आपण डोळ्यांनी करत नाही, त्यासाठी दुसरा छोटा कोड लिहून ठेवतो. एकदा लिहिला की तो रोज, दिवसातून पन्नास वेळा, न कंटाळता तपासत बसतो. ‘मी चार वेळा चालवून पाहिलं’ आणि ‘टेस्ट आहे’ यांत फरक आहे तो हा. चार वेळा चालवून पाहिलेलं तुमच्या डोक्यात राहतं. पुढच्या महिन्यात दुसरा कुणी त्याच फंक्शनमध्ये हात घालेल तेव्हा त्याला ते कसं कळणार?

या प्रकाराचा इतिहासही मजेशीर आहे. केंट बेक या अमेरिकन प्रोग्रामरने १९९४ च्या सुमारास स्मॉलटॉक या भाषेसाठी टेस्ट चालवणारं एक छोटं साधन बनवलं. मग १९९७ मध्ये तो आणि एरिक गामा एका कॉन्फरन्ससाठी झुरिकहून अमेरिकेला निघाले होते. लांबचा प्रवास, करायला काही नाही. दोघांनी विमानातच बसून जावासाठी तसंच साधन लिहायला घेतलं. तेच जेयुनिट! आज जावावर काम करणाऱ्या कुठल्याही ऑफिसात हे नाव ऐकू येतं. पुढे प्रत्येक भाषेत त्याची भावंडं निघाली. (आपण विमानात काय करतो? आधी उठून बॅगा काढायला धावतो.)

आता मुद्द्याचं. शिकायचं कुठे?

नवेगावच्या मुलाची अडचण नेटची होती. येतं, जातं, पावसात तर बोलूच नका. म्हणून मी त्याला आधी सांगितलं ते फुकट आणि ऑफलाइन चालणारं. पायथनमध्ये युनिटटेस्ट नावाचं मोड्यूल २००१ पासून भाषेबरोबरच येतं. वेगळं काही उतरवावं लागत नाही. पायथनचं अधिकृत डॉक्युमेंटेशनही एकदा डाउनलोड करून ठेवलं की संपलं, मग नेट असो वा नसो. त्यातलं युनिटटेस्टचं प्रकरण रूक्ष आहे, खोटं कशाला बोलू? पण सुरुवातीला दिलेलं छोटंसं उदाहरण हाताने टाइप करून चालवलं की निम्मी भीती जाते. कॉपी-पेस्ट नाही हं, टाइप करून!

नेट आलं की पायटेस्ट. त्यात लिहायला कमी लागतं. फंक्शनचं नाव ‘टेस्ट’ने सुरू करायचं, आत असर्ट लिहायचं, झालं. टेस्ट फसली तर अपेक्षित काय होतं आणि आलं काय, हे ते शेजारी-शेजारी मांडून दाखवतं. नवशिक्याला याचा किती आधार वाटतो, ते फसल्याशिवाय कळत नाही. आणि एक गंमत : रोमनमध्ये तेवढं टेस्ट लिहून पुढचं नाव देवनागरीत लिहिलं तरी पायथन तीन कुरकुर करत नाही. ऑफिसात नका करू, पण घरी शिकताना ‘लीप वर्ष १९०० नाही’ असं टेस्टचं नाव वाचायला सॉलिड वाटतं.

भाषेचाच पाया कच्चा असेल तर? त्याने विचारलं नव्हतं, पण अशा मेल्समागे हा प्रश्न दडलेला असतो. एमएस-सीआयटीपर्यंत सगळं मराठीतून कळलं आणि कॉलेजात अचानक इंग्रजी अंगावर आलं, असे कितीतरी जण आहेत. त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प आहे. दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, स्क्रीनवरचं सॉफ्टवेअर इंग्रजीत पण आवाज मराठीत, आणि डाउनलोड करून ऑफलाइन बघण्याची सोय. जावा, सी प्लस प्लस यांसारख्या विषयांची मालिका आहे. दिसायला चकाचक नाही, आवाजही थोडा वर्गात वाचून दाखवल्यासारखा. पण व्हिडिओ थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तेच करून बघायचं, पुढे जायचं, ही त्यांची पद्धत एकट्याने शिकणाऱ्यासाठी फार उपयोगाची आहे. सरकारी एनपीटीईएलवर सॉफ्टवेअर टेस्टिंगचा स्वतंत्र कोर्सही आहे, पण तो सुरुवातीला नको. ग्राफ आणि लॉजिकची थिअरी बरीच आहे. पहिली टेस्ट लिहिण्याआधीच माणूस झोपतो.

माझं सगळ्यात लाडकं ठिकाण म्हणजे एक्सरसिझम. फुकट आहे, ना-नफा तत्त्वावर चालतं. तिथला फंडा उलटा आहे. तुम्हाला छोटं गणित देतात आणि त्याच्या टेस्ट आधीच लिहून देतात. तुम्ही फक्त त्या पास होतील असा कोड लिहायचा. गणित उतरवून घ्या, लाईट-नेट नसताना सोडवा, नेट आलं की पाठवा. हवं असेल तर जगातला कुणीतरी अनुभवी माणूस तुमचा कोड वाचून फुकट सल्ला देतो. दुसऱ्याने लिहिलेल्या पन्नासेक टेस्ट वाचल्यावर आपल्याला टेस्ट लिहिता येऊ लागते. कविता करायच्या आधी वाचाव्या लागतात, तसंच.

तिथलं एक गणित आहे लीप वर्षाचं. चारने भाग जातो की लीप वर्ष, हे शाळेत पाठ केलेलं. मग टेस्ट सांगते १९०० हे लीप वर्ष नाही, कारण शंभरने भाग जातो. आणि २००० आहे, कारण चारशेनेही जातो. मोजक्या टेस्ट, मोजके नियम, संपलं. आता ऑफिसातल्या एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख टाकून बघा. एक्सेल ती मुकाट्याने स्वीकारतं! लोटस वन-टू-थ्री या जुन्या प्रोग्राममधली ही चूक, त्याच्या फाइल्स नीट उघडाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने मुद्दाम ठेवली आणि ती आजही तिथेच आहे. एकदा चूक बाहेर पडली की तिच्यावर माणसं घरं बांधतात, मग ती काढताच येत नाही.

पुस्तकांचं काय? केंट बेकचं ‘टेस्ट ड्रिव्हन डेव्हलपमेंट : बाय एक्झाम्पल’ २००२ मध्ये आलं. अजूनही वाचण्यासारखं आहे. दोन चलनांतले पैसे मिळवायचे, एवढंसं उदाहरण घेऊन माणूस पुस्तकाचा पहिला भाग भरतो! कंटाळा येईल असं वाटतं, पण तो टाकतो ती पावलं इतकी छोटी असतात की आपल्याला वाटतं, अरे, हे तर मलाही जमेल. हॅरी पर्सिव्हलचं पायथनवरचं टेस्टिंगचं पुस्तक वेबवर फुकट वाचता येतं. त्यात एक बकरी सतत बजावत असते की आधी टेस्ट लिही, मग कोड. मस्त आहे, पण वेबसाइट बनवायला थोडी येत असेल तरच हात लावा. रॉय ओशेरोव्हचं ‘द आर्ट ऑफ युनिट टेस्टिंग’ (पहिली आवृत्ती २००९) आणि व्लादिमिर खोरिकोव्हचं २०२० मधलं पुस्तक, ही दोन्ही नोकरीच्या दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा. टेस्ट लिहून लिहून वैताग आल्यावर ती समजतात. मायकेल फेदर्सचं २००४ चं पुस्तक मात्र सीनियरला भेट द्या. ज्या कोडला टेस्ट नाहीत तो लेगसी कोड, मग तो काल संध्याकाळी का लिहिलेला असेना, अशी त्याची व्याख्या आहे. बघा सीनियरचा चेहरा कसा होतो!

‘आधी टेस्ट, मग कोड’ या मंत्राबद्दल माझं मत विचाराल तर, पहिले दोन आठवडे त्याचा ताप करून घेऊ नका. आधी कोड लिहिला आणि मग टेस्ट लिहिली तरी आभाळ कोसळत नाही. फक्त एक करा. टेस्ट पास झाली की कोडमध्ये मुद्दाम काहीतरी बिघडवा आणि टेस्ट लाल होते का बघा. होत नसेल तर ती टेस्ट नाही, शोभेची वस्तू आहे.

नवेगाव बांधच्या तलावाची एक कथा इथे सांगायचा मोह आवरत नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. डोंगरांमधल्या फटी मातीच्या पाळीने बुजवून एवढं पाणी अडवलं, आणि तेही आजच्या यंत्रांशिवाय. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात कोहळी समाजाने असे कितीतरी तलाव बांधले. कथा अशी, की दिवसभर मजूर पाळीवर माती टाकून घरी गेले की रात्री तिथल्या सात बहिणी येऊन काम पुढे न्यायच्या. त्यांच्या नावाच्या सात टेकड्या तलावाभोवती आहेत. मी ही गोष्ट पुण्यातल्या एका प्रोग्रामर मैत्रिणीला सांगितली तर ती शांतपणे म्हणाली, ‘आमच्याकडेही रात्री येतात.’ म्हणजे काय, तर दिवसभर सगळ्यांनी लिहिलेला कोड रात्री एकत्र होतो, हजारो टेस्ट आपोआप चालतात आणि सकाळी चहाआधी कळतं, कुणाच्या मातीमुळे पाळ खचली. नवेगावच्या मुलाला हे कळवल्यावर त्याचं उत्तर आलं, ‘आमच्या सात बहिणी नाव घेऊन ओरडत नाहीत.’ पोरगा हुशार आहे.

गावातून शिकणाऱ्याची खरी अडचण पुस्तकं किंवा व्हिडिओ नाहीच. ते भरपूर आहेत, उलट जास्तच आहेत. अडचण अशी की चुकलं तर सांगणारं कुणी नसतं. हिंजवडीत शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारता येतं, ‘अरे, हे बघ ना जरा.’ नवेगावात शेजारी कोण? म्हणून मी त्याला सांगितलं, की सीनियरलाच विचार. ‘युनिट टेस्ट शिकवा’ असं नाही. ‘तुमच्या प्रोजेक्टमधली तुम्हाला आवडलेली एक टेस्ट पाठवा’ असं. पहिल्या प्रश्नाला माणसं वेळ नाही म्हणतात, दुसऱ्याला पाच मिनिटांत उत्तर येतं. त्याचंही आलं. एका ओळीचं नव्हे, चक्क तीन टेस्ट आणि खाली ‘अशा दहा लिही, मग बोलू.’

आणि हो, चॅटजीपीटी, कोपायलट वगैरे. ‘माझ्या कोडला टेस्ट लिहून दे’ म्हटलं की क्षणात वीस टेस्ट हजर, सगळ्या हिरव्या! शिकायला याचा उपयोग आहेच. फसलेल्या टेस्टचा अर्थ विचारा, सुटलेल्या शक्यता विचारा. पण नुसता कोड देऊन टेस्ट मागितल्या तर ते यंत्र तुमचा कोड जे करतो तेच बरोबर धरून टेस्ट लिहू शकतं. कोडात चूक असेल तर ती चूकही हिरव्या रंगात शिक्कामोर्तब होऊन येते. उत्तर काय यायला हवं हे कोडाच्या बाहेरून, म्हणजे तुमच्याकडून यायला हवं.

सरावासाठी मी त्याला एक घरगुती गणित दिलं, तुम्हीही करा. आकड्यात आपल्या पद्धतीने स्वल्पविराम घालणारं फंक्शन लिहायचं. एक लाख म्हणजे १,००,०००. पायथनची साधी सोय हजारा-हजाराचे गट पाडते, लाख-कोटी तिला कळत नाहीत. सोपा उपाय सुचतो : शेवटचे तीन अंक बाजूला काढायचे, उरलेल्याचे मागून दोन-दोनचे गट करायचे. ९९९, १,०००, ९९,९९९, १,००,००० सगळं बरोबर येतं. आता उणे एक लाख द्या. तेही बरोबर येतं! खूश होऊन लॅपटॉप बंद करण्याआधी उणे दहा हजार देऊन बघा. उणे चिन्हालाच अंक समजून फंक्शन त्याच्यापुढे स्वल्पविराम ठोकतं. -,१०,००० असलं काहीतरी. एक लाखाला न सापडलेली चूक दहा हजाराला सापडली. उदाहरणं निवडायची कशी, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा या एका गणिताने जास्त शिकवलं. शून्य, एक, हद्दीच्या अलीकडचा आकडा, पलीकडचा, आणि उणे. बाकी हजार आकडे टाकत बसायची गरज नाही.

दुसरं गणित त्याने स्वतःच शोधलं आणि ते माझ्यापेक्षा भारी आहे. त्याच्या कंपनीच्या एका फॉर्ममध्ये गावाचं नाव लिहायची जागा होती, दहा अक्षरांची मर्यादा. ‘नवेगाव बांध’ मोजा : मधली जागा धरून सात. पण पायथनला विचाराल तर तो सांगतो अकरा, कारण काना, मात्रा आणि अनुस्वार तो वेगळे मोजतो. म्हणजे गाव फॉर्ममध्ये मावेचना! १२३ हा आकडा देवनागरीत दिला तर मात्र पायथन तो बरोबर ओळखतो. कुठे आपली लिपी चालते आणि कुठे अडते हे अंदाजाने सांगता येत नाही, तपासावंच लागतं. त्याने त्यावर आठ टेस्ट लिहिल्या, त्यांतल्या दोन लाल निघाल्या, आणि त्या तशाच सीनियरला पाठवून दिल्या. प्रोबेशन संपायला अजून पाच आठवडे आहेत.

तोवर तुम्ही एक करा. सोमवारी ऑफिसात गेलात की तुमच्या कंपनीच्या फॉर्ममध्ये देवनागरीत पत्ता भरून बघा. आणि मला कळवा, कुठे अडलं ते.